तंबूत टांगलेला गुडघा

१

गुडघा तंबूत टांगला होता.

खरा नव्हे, एक्स-रेचा. कलकत्त्याच्या मैदानावर हेस्टिंग्ज युनियन क्लबचा हिरवा तंबू होता. त्याच्या दर्शनी दोरीवर एरवी खेळाडूंचे मोजे वाळत असत. तिथे आज चिमट्यांनी एक काळी प्लेट लटकवली होती. खाली पुठ्ठ्यावर कुणीतरी ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : ‘लेफ्ट आउट श्रीकांत धारप यांचा दुखरा गुडघा. दुखणं सापडल्यास क्लबला कळवावे.’ ऑफिसला निघालेली माणसं थांबून वाचत होती, हसत होती, एखादा थुंकून पुढे जात होता.

डॉ. वृंदा नाडगौडाने ते वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग हा तिचा जुना सोबती. भवानीपूरच्या मराठी मंडळींत तिला मागून ‘फटाकडी’ म्हणत आणि ते तिला ठाऊक होतं. पण आजचा राग वेगळा होता, कारण प्लेटच्या कोपऱ्यावर तिच्याच खात्याचा शिक्का होता. रायचौधुरी हॉस्पिटलचा एक्स-रे विभाग म्हणजे वृंदा.

ती भाच्याच्या मुंजीहून, नागपूरहून, सकाळीच परतली होती. ट्रंक खाली ठेवते न ठेवते तो दारात शारदाबाई धारप उभ्या.

“वृंदाताई, माझा श्री मॅच विकेल हो?”

मग रडत रडत त्यांनी सगळं सांगितलं. फुटबॉलच्या शील्डच्या सेमीफायनलमध्ये डाव्या बगलेवरून धावताना श्रीकांतचा डावा गुडघा मुरगळला. हॉस्पिटलात प्लेट काढली. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, काही झालेलं नाही, खुशाल खेळ. श्रीकांत सांगत राहिला की गुडघा आतल्या अंगाने सुटतोय. तेव्हा क्लबाने ती प्लेट बाहेरच्या एका डॉक्टरलाही दाखवून आणली. तोही म्हणाला, स्वच्छ आहे. फायनलला पोराला ओढून उतरवलं. शेवटी शेवटी चेंडू त्याच्या पायाशी, समोर गोल मोकळा, आणि हा कोसळला. क्लब हरला. गुडघ्याचं पार वाटोळं झालं, पण लोकांनी हिशेब वेगळाच मांडला : गुडघा धड होता हे प्लेट सांगते, म्हणजे आधीपासूनचं कण्हणं ही नाटकाची तयारी. हा विकला गेला. घराच्या काचा फुटल्या. आणि खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये असलेले श्यामराव, ज्यांनी उभ्या नोकरीत व्यापाऱ्याचा चहासुद्धा घेतला नव्हता, ते मुलाशी बोलेनासे झाले.

“ते म्हणतात, माणूस खोटं बोलेल, प्लेट बोलणार नाही,” शारदाबाई म्हणाल्या होत्या.

वृंदाने पुढे होऊन चिमटे काढले. तंबूतून सेक्रेटरी जयप्रकाश धावत आला. गृहस्थ मूळचा बिहारातल्या आऱ्याचा, पण फुटबॉलच्या वेडात बंगाल्यांना मागे टाकलेला.

“डॉक्टरसाहिबा, वह क्लब की चीज है!”

“ही माझ्या खात्याची चीज आहे,” वृंदा हिंदीतच कडाडली, “आणि हा पुठ्ठा तुमच्या अकलेचा.”

प्लेट तिने सूर्याकडे धरली. गुडघ्याची हाडं, त्यांना दोन्ही अंगांनी बांधून ठेवणारे बंध, ज्यांना डॉक्टर लिगामेंट म्हणतात, सगळं शाबूत होतं. बाहेरच्या डॉक्टरने चूक वाचलेलं नव्हतं. पण सांध्यात भरलेल्या हवेची काळी चंद्रकोर तिला दिसली, आणि ती जिथे होती तिथे असायला नको होती.

“जयप्रकाशबाबू,” ती हळू आवाजात म्हणाली, “हा श्रीकांतचा गुडघाच नाही.”

२

वृंदाची पद्धत अशी, आणि त्या काळी कलकत्त्यात ती दुसरीकडे कुठे नव्हती. साध्या एक्स-रेत फक्त हाडं दिसतात, बंध दिसत नाहीत. म्हणून सुईने सांध्यात हवा भरायची. हवा प्लेटवर काळी येते आणि तिच्या कडेने बंध उठून दिसतात. आता हवा ही हवाच. ती वर जाते. म्हणून गुडघ्याची जी बाजू तपासायची ती वर यावी असं रोग्याला कुशीवर निजवायचं. बाहेरच्या डॉक्टरला बंध धड दिसले असतील, पण हवा कुठल्या अंगाला असायला हवी हे त्याला कळणार नाही, हे उघड होतं.

धारपांच्या घरी फुटक्या खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली होती. श्रीकांत पाय उशीवर ठेवून भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याने मान वळवली तीच आठ्या घालून.

“आणखी एक डॉक्टर? तुम्हालाही स्वच्छच दिसला असेल.”

“आवाज खाली. मी तुझ्यावर ओरडायला आले नाही, दुसऱ्या कुणावर तरी ओरडायचंय,” वृंदा म्हणाली. “हवा भरल्यावर तुला कोणत्या कुशीवर निजवलं होतं?”

“डाव्या. दुखत होतं म्हणून मी उजव्या कुशीवर वळत होतो, तर एक्स-रेवाल्या मनोहरबाबूंनी धरून डावीकडे केलं. म्हणाले, आतली बाजू वर यायला पाहिजे.”

“उजव्या कुशीवर एकही प्लेट काढली नाही?”

“एकच प्लेट काढली. डाव्या कुशीवर.”

डावा पाय, डावी कूस. म्हणजे गुडघ्याची आतली बाजू वर आणि हवाही आतल्या बाजूला. तंबूतल्या प्लेटवर मात्र हवा बाहेरच्या अंगाला होती, पायाची बारीक नळी असते त्या बाजूला. ती प्लेट उजव्या कुशीवर निजलेल्या माणसाची होती.

“तू खोटं बोलत नव्हतास,” वृंदा म्हणाली.

“मला माहीत आहे,” तो म्हणाला. “त्यांना सांगा.” त्याने बोट दाखवलं ते बंद दाराकडे. दारापलीकडे श्यामराव ऑफिसचे बूट चढवत होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार. जाताना ते फक्त बायकोला म्हणाले, “डॉक्टरीणबाई ओळखीच्या आहेत, त्या बाजू घेणारच. पुरावा असेल तर बघू.”

शारदाबाईंनी डोळ्याला पदर लावला. वृंदाने जिना उतरताना दात असे आवळले की जबडा दुखला.

३

धड गुडघ्यात हवा कोण कशाला भरून घेईल? एकाच कामासाठी. वृंदा आणि हाडांचे मोठे सर्जन डॉ. भालचंद्र रांगणेकर, सगळ्यांचे भाऊसाहेब, मिळून गुडघ्याच्या बंधांचा एक ॲटलास, म्हणजे प्लेटींचं पुस्तक, करत होते. त्यासाठी हॉस्पिटलातल्याच धडधाकट माणसांनी आपले गुडघे दिले होते, आणि त्यांच्या प्लेटी दोन्ही कुशींवर काढल्या होत्या. तेव्हा खोटी प्लेट त्या संग्रहातली, यात शंका नव्हती. प्रश्न होता तो ती तिथून उचलली कुणी हा.

मनोहर सामंत, तिचा एक्स-रे काढणारा, डार्करूमच्या दाराशी उभा होता. त्याचा चेहरा पाहूनच वृंदाला कळलं की याच्या पोटात काहीतरी आहे.

“मनोहर, तू त्या दुसऱ्या क्लबाचा. फायनल जिंकलेल्यांचा.”

“मॅडम, जन्मापासून!” तो म्हणाला, आणि मग जीभ चावली. “म्हणून मी प्लेट बदलीन? देवाशपथ नाही.”

“धारपची प्लेट तू धुतलीस. काय दिसलं?”

तो खाली बघू लागला. “हवा बाहेर पळाली होती. आतल्या बाजूने, सांध्यातून मांसात. पण वाचणं माझं काम नाही. ओलीच प्लेट भाऊसाहेबांच्या हातात दिली. आणि खरं सांगू? मला आनंद झाला. त्यांचा लेफ्ट आउट गेला म्हणून चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगत सुटलो. फायनलला तो उतरला तेव्हा सगळे मलाच हसले. मग वाटलं, माझंच काहीतरी चुकलं.”

“आणि तो कोसळल्यावर?”

“तेव्हा कुठल्या तोंडाने बोलू? जिंकलेल्या क्लबाचा माणूस सांगतोय, हरलेल्यांचा खेळाडू सच्चा आहे! मलाच धरून मारलं असतं.”

“मारलं असतं तर बरं झालं असतं!” वृंदा ओरडली. मग तिने श्वास घेतला. “ॲटलासच्या प्लेटी मोज.”

पुरुषांच्या प्लेटी मनोहरच्याच खोलीतल्या उघड्या फळीवर होत्या. तिथे तो दिवसभर बसे, तिथेच डबा खाई. त्याची नजर चुकवून तिथली काडी हलत नसे. सगळ्या जागच्या जागी होत्या.

“आणि बायकांच्या?”

“त्या माझ्याकडे कुठे, मॅडम? त्या वरच्या कपाटात, कुलपात. माझ्याकडे नुसत्या नंबर लावून धुवायला येतात. कुणाच्या कुठल्या ते मला ठाऊक नाही.”

जयप्रकाशला तिने हॉस्पिटलात बोलावून घेतलं. तो तणतणत आला. प्लेटचं पाकीट आपल्याला मोठ्या डॉक्टरांनी स्वतः बंद करून दिलं, असं त्याने काली, दुर्गा आणि हनुमान अशा तिघांच्या शपथा घेऊन सांगितलं. “मैं तो समझता था लड़का डर गया है,” तो म्हणाला. “कलकत्त्यातले निम्मे खेळाडू फायनलच्या आदल्या दिवशी आजारी पडतात.”

“पाकीट तंबूत कुणी बदललं असेल?”

“बदलायला दुसरा गुडघा कुठून आणणार? आमच्याकडे फुटके फुटबॉल आहेत फक्त.”

त्याचा तो एक मुद्दा बरोबर होता. वृंदाने प्लेट उचलली आणि बघण्याच्या पेटीवर लावली. पेटीचा उजेड कमी वाटला म्हणून तिने मागून मोठा दिवा धरला. हाडाच्या दाट पांढऱ्या भागातून काहीतरी वर आलं, आणि तिने दिवा आणखी जवळ नेला.

४

पोटरीच्या स्नायूची एक जाड दोरी गुडघ्याच्या मागे, बाहेरच्या अंगाला चिकटते. काही माणसांच्या त्या दोरीत वाटाण्याएवढं एक जास्तीचं हाड असतं. त्याने त्रास काही होत नाही. मरेपर्यंत माणसाला पत्ताही नसतो. या प्लेटवर ते हाड होतं आणि ते अख्खं नव्हतं. चण्याची डाळ व्हावी तसं दोन दळांचं होतं.

असं दोन दळांचं हाड वृंदाने हजारो प्लेटींत एकदाच पाहिलं होतं. आपल्या हनुवटीवरचा तीळ माणूस जसा ओळखतो, तसं तिने ते ओळखलं.

गुडघा तिचा होता.

ॲटलास सुरू झाला तेव्हा तिनेच हट्ट धरला होता. हवा भरल्यावर किती दुखतं हे आधी मला कळू दे, मग दुसऱ्याला सुई लावीन. बायकांच्या वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या गुडघ्यात हवा भरली. पुढे दोन दिवस जिना चढताना पाय नव्या चपलेसारखा करकरत होता. त्या गुडघ्याने आता एका निरपराध पोराला खोटं पाडलं होतं. संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं याचाही तिला संताप आला.

वरच्या मजल्यावर सिस्टर सुहासिनी दत्त औषधांच्या बाटल्या लावत होती. बंगाली बायकांच्या रीतीप्रमाणे तिच्या पांढऱ्या साडीच्या पदराला किल्ल्यांचा जुडगा बांधलेला होता आणि तो चालताना पाठीवर वाजे.

“दीदी, बायकांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते?”

“एक माझ्या पदराला, एक रांगणेकर साहेबांकडे. पदराची मी कुणाला देत नाही. सोडायची तर साडी सोडावी लागेल,” ती हिंदीत म्हणाली आणि स्वतःच हसली. वृंदा हसली नाही हे पाहून तिने हातातली बाटली खाली ठेवली.

“माझ्या गुडघ्याची प्लेट काढली तेव्हा खोलीत कोण होतं?”

“तुम्ही, डॉक्टरीणबाई आणि मी. बटण मीच दाबलं. साहेबांना तुम्ही आत बोलावलं तरी ते आले नाहीत. म्हणाले, मुलीसारख्या बाईचा उघडा पाय मी कसा बघू? व्हरांड्यात पाठ करून उभे राहिले. बायकांच्या प्लेटींवर नाव नको, नुसता नंबर, आणि कुलपात ठेवा, हेही त्यांचंच.”

“मग कुठला नंबर कुणाचा, हे कोण सांगू शकेल?”

“मी,” सिस्टर म्हणाली. “आणि ज्यांचे गुडघे त्या. साहेबांनी कधी विचारलं नाही. फार सभ्य माणूस.”

वृंदा जिन्याकडे वळली. प्लेट कुणी पळवली हे तिला आता कळलं होतं. ते खोटं ठरावं असं तिला मनापासून वाटलं.

५

भाऊसाहेब रांगणेकरांच्या खोलीत भिंतीवर एक जुनं छायाचित्र होतं : हेस्टिंग्ज युनियनचा तरुण संघ, आणि मधोमध हाताची घडी घातलेला फुलबॅक, म्हणजे भाऊसाहेबच. वडील गेल्यावर वृंदाला शिकवलं ते यांनी. बाई म्हणून जिथे दार बंद झालं, तिथे ते उघडून दिलं यांनीच. तिने प्लेट त्यांच्या टेबलावर ठेवली.

“आलीस? मुंज कशी झाली?”

“भाऊसाहेब, ही प्लेट बायकांच्या कपाटातून काढली गेली आहे. कोपऱ्यावरचा नंबर कापलाय. तीन कोपरे सारखे गोल आहेत, चौथा खोल गेलाय. मग त्यावर श्रीकांत धारपचं नाव घातलंय. घाईत कूस तेवढी चुकली.”

भाऊसाहेबांनी प्लेटचा तो कोपरा अंगठ्याने चाचपला.

“ज्याने हे केलं त्याच्याकडे कपाटाची किल्ली पाहिजे. ती मनोहरकडे नाही, जयप्रकाशकडे नाही. फक्त सिस्टरकडे आणि तुमच्याकडे आहे.”

“सिस्टर विसरभोळी आहे. कुणीतरी...”

“सिस्टरने ही प्लेट हजार वर्षांत उचलली नसती. तिला माहीत आहे हा गुडघा कुणाचा. सगळ्या जगात ही प्लेट ओळखणारी एकच बाई, आणि नेमकी तिचीच प्लेट चोरायची, इतकी सिस्टर मूर्ख नाही. चोराकडे किल्ली होती, पण हा गुडघा कुणाचा हे त्याला ठाऊक नव्हतं. असा माणूस या इमारतीत एकच आहे. तो त्या दिवशी व्हरांड्यात पाठ करून उभा होता.”

भाऊसाहेबांचा हात टेबलावरच्या प्लेटवर गेला आणि तिथेच राहिला.

“हा... तुझा?”

“माझा. गुडघ्याला ना शेंडी ना कुंकू, तुम्हाला कसं कळणार? किल्ली द्या.”

त्यांनी किल्ली काढून दिली. वर जाऊन सिस्टर आणि भाऊसाहेबांसमोर वृंदाने कपाट उघडलं. तिच्या नंबरचं, उजव्या कुशीच्या प्लेटचं पाकीट जागेवर होतं, आणि रिकामं नव्हतं. आत दुसरी प्लेट होती. डावा गुडघा, हवा आतल्या अंगाला, आणि फाटलेल्या बंधातून ती हवा काळ्या ओघळासारखी मांसात पसरलेली. श्रीकांतचा गुडघा, फायनलच्या आधीचा.

“ही तुम्ही जाळली का नाही?” तिने विचारलं.

“इतकी स्वच्छ प्लेट मी आयुष्यात पाहिली नव्हती,” भाऊसाहेब खालच्या आवाजात म्हणाले. “फाटलेल्या बंधाची. ॲटलासमध्ये पहिल्या पानावर... फाडवेना, वृंदा.”

“प्लेट फाडवेना! आणि पोराचा पाय फाडवला?”

व्हरांड्यातले रोगी वळून बघू लागले. तिला पर्वा नव्हती.

“एकच मॅच होती गं,” ते म्हणाले. “बंध अर्धाच तुटला होता. मला वाटलं, पट्टी आवळून निभावेल, मग मी शिवून देईन. आमच्या क्लबाने शील्ड कधी पाहिली नाही. मी त्या संघात होतो, मीही हरलो होतो. त्याच्या पायाइतका वेगवान पाय मैदानावर नाही.”

“नव्हता म्हणा. आता तो पाय नाही. कुंपणानेच शेत खाल्लं, भाऊसाहेब. आणि तेही एक वेळ समजेन, वेडाच्या भरात झालं म्हणून. पण नंतर? ही प्लेट तंबूत टांगलेली तुम्ही पाहिलीत?”

“पाहिली.”

“तो पुठ्ठा वाचलात?”

“वाचला.”

“आणि घरी जाऊन जेवलात?”

त्यांचा चेहरा एकाएकी म्हातारा दिसला. तिला त्यांची दया आली नाही, आणि दया येत नाही याचं वाईटही वाटलं नाही.

“ॲटलासमधून मी माझा गुडघा काढला,” ती म्हणाली. “माझं नावही. आता टोपी घाला आणि चला.”

“कुठे?”

“जिथे हा गुडघा टांगला होता तिथेच.”

६

संध्याकाळी मैदानावर नेहमीची गर्दी होती. शेंगदाणेवाले, वाद घालणारे, ट्रामच्या खांबाला टेकलेले. जयप्रकाशने स्वतः दोरीवर दोन प्लेटी शेजारी शेजारी लावल्या आणि पुठ्ठा फाडून टाकला. मग भाऊसाहेब खुर्चीवर न चढता, जमिनीवर उभे राहूनच बंगालीत बोलले. बोलणं लांबलं नाही. हा गुडघा धड, तो धारपचा नाही. हा फाटलेला, हा धारपचा, फायनलच्या आधीचा. पोरगा खरं सांगत होता. प्लेट मी बदलली. हॉस्पिटलातल्या जागेचा राजीनामा मी दिला आहे.

गर्दीतून एक शिवी आली, आणि मग पुष्कळ आल्या. सकाळी पुठ्ठा वाचून हसणारे हेच आवाज होते. वृंदाने ते ओळखले आणि तिला त्यांचीही किळस आली.

श्रीकांत आईबरोबर आला होता, बगलेत कुबडी घेऊन. जयप्रकाशने पळत जाऊन तंबूतली सर्वांत चांगली खुर्ची आणली, आपल्या धोतराने पुसली.

“बैठो बेटा, बैठो.”

श्रीकांत बसला नाही. “वृंदाताई,” त्याने विचारलं, “मी खेळेन?”

खोटं बोलणं सोपं होतं. त्या दिवसांत खोटं पुष्कळ झालं होतं.

“चालशील,” ती म्हणाली. “खेळणार नाहीस.”

त्याने मान हलवली, जणू हे त्याला आधीच ठाऊक होतं. शारदाबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत श्यामराव आले. निरोप मिळाला तसे खिदिरपूरहून परस्पर आले होते, हातात जेवणाचा डबा तसाच. ते दोरीजवळ गेले. वृंदाने त्यांना बोटाने दाखवलं : हा बंध, इथे तुटला, ही हवा इथून बाहेर गेली. कस्टममध्ये माल तपासावा तसं त्यांनी वाकून, चष्मा वर करून, बराच वेळ पाहिलं. मग ते मुलाकडे वळले.

“श्री,” ते म्हणाले. “चल बाळा. घरी चल.”

श्रीकांतने वडिलांकडे पाहिलं. इतके दिवस दाबून ठेवलेला राग त्याच्या आवाजात आला, पण आवाज चढला नाही.

“हे लोक परके आहेत, बाबा. त्यांना प्लेट लागली, ठीक आहे. तुम्हालाही प्लेट लागली?”

श्यामरावांनी आधार द्यायला हात पुढे केला. श्रीकांतने कुबडी काढून त्या हाताच्या बाजूच्या बगलेत घेतली, हाताला जागाच ठेवली नाही, आणि तो ट्रामच्या दिशेने चालू लागला. मागून शारदाबाई गेल्या, आणि त्यांच्यामागे डबा धरलेले श्यामराव.

वृंदाने आपली प्लेट चिमट्यांतून सोडवली, गुंडाळून पर्समध्ये कोंबली आणि भाऊसाहेबांकडे न बघता एस्प्लनेडकडे निघाली.